यंत्र नजरेआड, हेतू उघड : गावातील गाण्यांचे ध्वनिमुद्रण

महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात गाणे हे केवळ करमणुकीचे साधन कधीच नव्हते. पहाटेच्या दळणाला ओवी होती, कुळाचाराला गोंधळ आणि जागरण होते, एकादशीला भजन होते, आणि डफ-तुणतुण्याच्या साथीने उभा राहणारा शाहिराचा पोवाडा होता. या ठेव्यापैकी काही भाग संग्राहकांनी कष्टाने लिहून घेतला. परंतु कागदावर उतरले ते शब्द. गाण्याची चाल, लय, आवाजाचा पोत, दोन ओव्यांमधला श्वास आणि त्यामागची जात्याची घरघर कोणत्याही लिपीत उतरत नाही. ती टिकवायची तर गाणे गायले जात असतानाच त्याचे ध्वनिमुद्रण करणे, एवढा एकच मार्ग आहे.

हे काम सवडीने करण्यासारखे राहिलेले नाही. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि दळणाचे कष्ट सरले, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्याबरोबर ओवीचा रोजचा प्रसंगही सरला. ज्या स्त्रिया प्रत्यक्ष दळताना गायल्या, त्या आज वयोवृद्ध आहेत. त्यांच्या सुनांना काही ओव्या ठाऊक असतात, नातींना बहुधा नसतात. एखादी आजी गेली म्हणजे तिच्याबरोबर शेकडो ओव्यांची चाल जाते.

सुदैवाने यंत्राची अडचण आता उरलेली नाही. मुठीत मावणारे ध्वनिमुद्रणयंत्र आज शाळेला किंवा ग्रामपंचायतीला परवडू शकते, आणि भ्रमणध्वनी तर बहुतेकांच्या खिशात आहे. अडचण आहे ती यंत्र कोठे आणि कसे ठेवावे याची. येथे दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण यंत्र गाणाऱ्याच्या तोंडासमोर धरतात आणि गाणे बिघडवितात; तर काही जण ते कोणास न सांगता दडवून ठेवतात आणि विश्वास बिघडवितात. या दोहोंच्या मधला मार्ग कोणता, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

कर्ण्यापासून खिशापर्यंत

ध्वनिमुद्रणाचा आरंभ १८७७ मध्ये एडिसनच्या फोनोग्राफने झाला. भारतात ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गेसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे पहिली व्यापारी मुद्रणे केली. गौहरजान यांचे गायन त्यांतलेच. त्या काळी गायिकेला एका मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून चढ्या आवाजात गावे लागे आणि सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपावे लागे. विजेवर चालणारे ध्वनिग्राहक १९२५ च्या सुमारास प्रचारात येईपर्यंत हीच स्थिती होती. थोडक्यात, कलावंताने यंत्राकडे जावे आणि यंत्राच्या सोयीने गावे, असा तो काळ होता.

पुढे हा क्रम उलटला. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये सहज वाहून नेता येणारे नाग्रा हे फीतयंत्र तयार केले आणि १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. यंत्र आता कलावंताच्या अंगणात जाऊ शकत होते. याचा अतिशय मोलाचा उपयोग पुण्यातून झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ग्रामीण कार्यकर्त्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. आज या संग्रहाचा मोठा भाग ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या उपक्रमाद्वारे सर्वांना ऐकण्यास आणि वाचण्यास उपलब्ध आहे. या कामाचे बळ केवळ यंत्रात नव्हते. ओव्या गोळा करणारे कार्यकर्ते गावांशी जोडलेले होते आणि गाणाऱ्या स्त्रियांचा त्यांच्यावर विश्वास होता, ही बाब आपण विसरता कामा नये.

यंत्र नजरेआड कशासाठी?

समोर यंत्र दिसले की माणूस यंत्रासाठी गातो. आवाज ताठरतो, वृद्ध स्त्रिया संकोचतात आणि एरव्ही तासभर चालणारे गाणे चार कडव्यांत संपते. एखाद्या शब्दाला अडखळले की ‘चुकले, पुन्हा घ्या’ असे म्हणून गाणारी थांबते. घरात गाताना ती कधीच थांबली नसती. भजनाच्या फडात मध्यभागी रोवलेली तिपाई टाळकऱ्यांच्या पायांत येते आणि श्रोत्यांच्या दृष्टीआड देव किंवा वीणेकरी जातो.

म्हणून यंत्र लहान असावे, त्याची तिपाई काळसर आणि बुटकी असावी, आणि ते गाणाऱ्याच्या सरळ नजरेच्या रेषेत नसावे. त्यावरील लुकलुकणाऱ्या दिव्यावर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवावा. पहाटेच्या अंधारात तेवढा ठिपकाही लक्ष वेधून घेतो. मुद्रण सुरू केल्यावर यंत्राजवळ वारंवार जाऊ नये. दहा-पंधरा मिनिटे लोटली की गाणाऱ्यांना यंत्राचा विसर पडतो, आणि खरे गाणे त्यानंतर सुरू होते. यासाठी कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी यंत्र चालू करून ठेवणे हिताचे असते.

अंतराचे गणित

यंत्र नजरेआड करायचे म्हणजे ते दूर नेऊन ठेवायचे, असे नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. बंदिस्त सभामंडपात भिंतींवरून आणि छतावरून परत फिरणारा आवाज मात्र सगळीकडे जवळजवळ सारखाच राहतो. परिणामी यंत्र जसजसे मागे न्यावे तसतसे गाणे कमी आणि घुमणे अधिक, असे होत जाते. आपला कान आणि मन मिळून हे घुमणे बाजूस सारतात. यंत्र तसे करीत नाही. म्हणून आपण जेथे बसून समाधानाने ऐकतो, त्याच्या निम्म्या अंतरावर यंत्र ठेवून पाहावे. एकट्या गायिकेसाठी एक ते दीड मीटर आणि लहान मेळासाठी दोन ते तीन मीटर, हा सुरुवातीचा अंदाज धरावा आणि कानाने तपासून त्यात बदल करावा.

उंचीलाही तितकेच महत्त्व आहे. जमिनीपासून वीतभर उंच ठेवलेल्या यंत्राकडे आवाज दोन वाटांनी येतो : एक थेट आणि दुसरा जमिनीवर आपटून, किंचित उशिरा. हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळताना काही स्वर दबतात आणि आवाज पोकळ वाटू लागतो. पत्र्याच्या किंवा दगडी भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवलेल्या यंत्राचीही हीच गत होते. गाणारा बसलेला असेल तर त्याच्या तोंडाच्या उंचीवर किंवा थोडे वर, आणि भिंतीपासून निदान हातभर पुढे, यंत्र असावे.

यंत्र दडविण्यास सोयीची वाटणारी काही ठिकाणे फसवी असतात. भिंतीतील कोनाडा हे त्यांतले पहिले. कोनाड्याच्या पोकळीत आवाज घुमतो आणि सारे गाणे रांजणातून आल्यासारखे ऐकू येते. शिवाय पुष्कळ घरांत कोनाडा देवाचा असतो, तेव्हा विचारल्याविना तेथे काही ठेवणे योग्य नव्हे. दुसरे ठिकाण शालीखालचे किंवा उशीमागचे. जाड कापड बारीक, धारदार ध्वनी शोषून घेते. टाळांची आणि शब्दांतील स-श-च यांची स्पष्टता त्यामुळे जाते. झाकायचेच असेल तर विरळ मलमल पुरेशी आहे. तिसरे ठिकाण खांबाच्या मागचे. तेथून वादक दिसत नसेल तर त्याचा थेट आवाजही येत नाही, असे समजावे. यंत्र माणसांच्या नजरेला पडले नाही तरी चालेल, परंतु यंत्राला माणसे ‘दिसली’ पाहिजेत, हा साधा नियम लक्षात ठेवावा.

तीन प्रसंग

जात्यावरची ओवी : ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ अशी म्हणच आहे. तेव्हा शक्य असेल तर जाते मांडून आणि मूठभर धान्य घालूनच गाणे घ्यावे. जात्याची घरघर हा अडथळा नसून ती ओवीची लय आहे. मात्र ती शब्दांवर चढता कामा नये. दोघी समोरासमोर बसून दळत असतील तर दोघींपासून सारख्या अंतरावर, बाजूला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर यंत्र ठेवावे आणि त्याचे तोंड जात्याकडे न वळविता गाणाऱ्यांच्या मुखाकडे वळवावे. दगडाची थरथर जमिनीतून तिपाईत शिरते, म्हणून तिपाईखाली घडी केलेले घोंगडे किंवा गोधडी घालावी. पिठाचे कण यंत्रात जाणार नाहीत एवढे अंतर राखावे. घरातील पंखा आणि शीतपेटी तेवढ्यापुरती बंद ठेवण्याची विनंती करावी. शीतपेटी पुन्हा सुरू करण्याची आठवण राहावी म्हणून आपली पिशवी तिच्याजवळच ठेवावी.

भजन : टाळकरी दोन ओळींत समोरासमोर उभे, मध्ये वीणेकरी आणि एका अंगाला पखवाज, अशी मांडणी सामान्यतः आढळते. येथे सर्वांत प्रखर ध्वनी टाळांचा. यंत्र टाळांच्या पातळीवर ठेवले तर अभंगाचे शब्द त्या झणत्कारात बुडतात. ते ओळींच्या टोकाला, वीणेकऱ्याच्या समोर आणि माणसाच्या डोक्यापेक्षा फूट-दीड फूट उंच ठेवावे. सभामंडपाच्या तुळईवरून दोरीने खाली सोडल्यास ते कोणाच्या वाटेतही येत नाही. पखवाजाच्या बाजूला यंत्र अधिक झुकणार नाही हे पाहावे. पखवाजाचा खोल नाद टिकवायचा असेल तर यंत्रातील मंद्र ध्वनी गाळणारी सोय बंद ठेवावी. ध्वनिक्षेपक लावलेला असेल तर यंत्रात गाणे न येता ध्वनिक्षेपक येतो. म्हणून निदान एका बैठकीपुरता तो बंद ठेवण्याविषयी मंडळींशी आधीच बोलून घ्यावे.

गोंधळ : येथे संबळ अत्यंत जोरकस, तर तुणतुणे अगदी नाजूक असते. यंत्र संबळ वाजविणाऱ्याच्या समोर ठेवले की दुसरे काही उरत नाही. मुख्य गोंधळी आणि तुणतुणे ज्या अंगाला आहेत त्या अंगाला, छातीच्या उंचीवर यंत्र ठेवावे. संबळ आपोआप पुरेसे येते. गोंधळी जागेवर स्थिर नसतो, म्हणून दोन्ही बाजूंचा ध्वनी घेणारे यंत्र अधिक उपयोगी पडते. देवीच्या मांडणीपासून आणि पेटत्या दिवटीपासून ते दूर असावे. उघड्या अंगणातील वाऱ्याचा झोत ध्वनिग्राहकावर आदळून होणारी घरघर नंतर काढता येत नाही, यासाठी स्पंजाचे किंवा केसाळ कापडाचे आवरण अगत्याने घालावे.

यंत्राची तयारी

मुद्रण न दाबलेल्या, म्हणजे वेव्ह प्रकारच्या फाईलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणावर करावे. दोन वाहिन्यांच्या अशा मुद्रणाला दर मिनिटास सुमारे १७ मेगाबाइट, म्हणजे तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. रात्रभराच्या जागरणासाठी १६ गिगाबाइटचे कार्ड पुरते. घड्याळ आणि तारीख आधी नीट लावावी व ताज्या विद्युतघटांचा एक संच जवळ बाळगावा.

आवाजाची पातळी ठरविताना घाई करू नये. डिजिटल मोजपट्टीवर शून्य ही कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. सर्वांत जोराचे वादन करून दाखविण्याची विनंती करावी आणि त्या वेळी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. आवाज आपोआप कमी-अधिक करणारी सोय बंद करावी. ती चालू असल्यास गायिका श्वास घेते तेवढ्यात रातकिडे मोठे होतात आणि संबळाची थाप पडली की गायिका लहान होते. गाण्यातील चढउतार नाहीसा होतो. भ्रमणध्वनीवर मुद्रण करायचे असेल तर त्याचा संपर्क पूर्णपणे बंद ठेवावा, अन्यथा ऐन रंगात आलेल्या अभंगावर कोणाचा तरी दूरध्वनी येतो. कानाला श्रवणिका लावून निदान एक मिनिटाची चाचणी ऐकल्याखेरीज मूळ मुद्रणास आरंभ करू नये.

लपविणे म्हणजे फसविणे नव्हे

आतापर्यंतच्या सूचना यंत्र नजरेआड ठेवण्याच्या आहेत. कलावंताला अंधारात ठेवण्याच्या नाहीत. हा भेद या कामाचा पाया होय.

ओवीचेच उदाहरण घ्यावे. ओवीत देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे. तसाच सासरचा जाच आहे, नवऱ्याचा राग आहे, नांदणुकीतले दुःख आहे. जात्याशी बसून, भोवती कोणी परके नाही या खात्रीने ती गायली गेली. समजा, कोणी तिच्या नकळत ते गाणे टिपले आणि ते घरोघरच्या भ्रमणध्वनींवर फिरू लागले. जी गोष्ट तिने चाळीस वर्षे केवळ जात्याला सांगितली, ती आता तिचे दीर, जावा आणि व्याही ऐकणार. संग्राहकाच्या दृष्टीने ते एक उत्तम मुद्रण असेल, परंतु त्या बाईचे घर त्याची किंमत मोजेल. मग त्या गावात दुसरी कोणतीही स्त्री संग्राहकासमोर तोंड उघडणार नाही. एका मुद्रणापायी शंभर गाणी कायमची मिटतील.

कायद्याची भूमिकाही माहीत असणे आवश्यक आहे. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या सुधारणेने कलम ३८ अन्वये प्रयोगकर्त्याचे अधिकार मान्य करण्यात आले, आणि २०१२ च्या सुधारणेने ते अधिक व्यापक झाले. गायक आणि वादक यांचा त्यात स्पष्ट समावेश असून सादरीकरणाच्या पुढील वर्षारंभापासून ५० वर्षे हा अधिकार राहतो. खाजगी वापरासाठी, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापनासाठी वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणास कलम ३९ अन्वये सवलत आहे. परंतु शाळेत ऐकविणे वेगळे आणि ते मुद्रण सर्वत्र प्रसृत करणे किंवा विकणे वेगळे, याचे भान ठेवावे. रचना एखाद्या हयात शाहिराची असेल तर तिच्यावर त्याचा स्वतंत्र हक्क असतो. कायद्याने दिलेली सवलत ही सौजन्यातून सुटका नव्हे.

व्यवहारात पुढील क्रम पाळावा. आदल्या दिवशी घरी जाऊन हेतू सांगावा. यंत्र हातात द्यावे, दोन ओळी टिपून लगेच ऐकवाव्यात. यंत्र कोठे ठेवणार ती जागा दाखवावी. जागा कोणती सोयीची, हे अनेकदा घरातली माणसेच अधिक चांगले सांगतात. संमती लिहिता-वाचता येत नसेल तर ती तोंडी, मुद्रणातच घ्यावी. ‘हे शाळेत ऐकवू का? बाहेर देऊ का? नाव सांगू का?’ असे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत, कारण तिन्हींची उत्तरे वेगळी असू शकतात. गाणे संपल्यावर ‘हे नको’ असे कोणी म्हटले तर तो भाग तिच्यासमोर पुसावा. आधीपासून चालू ठेवलेल्या यंत्रात गाण्याखेरीज घरगुती बोलणेही येते. ते जतन करावयाच्या प्रतीतून वगळावे आणि तसे त्यांना सांगावे.

मुद्रणानंतरची जबाबदारी

नाव-गाव नसलेले मुद्रण दहा वर्षांनी निरुपयोगी ठरते. म्हणून मुद्रणाच्या आरंभीच स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, तालुका, प्रसंग, संमती असल्यास गाणाऱ्यांची नावे, आणि वाद्ये नोंदवावीत. त्याच दिवशी वहीतही टिपण करावे : यंत्र किती अंतरावर होते, कोण कोठे बसले होते, कोणता शब्द कळला नाही. मूळ फाईलवर कोणतीही काटछाट न करता तिच्या तीन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. पावसाळ्यात एकाच कपाटात ठेवलेल्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत होय. दीर्घकाळच्या जतनासाठी जाणत्या संस्थांचा सल्ला घेता येतो. दिल्लीतील संगीत नाटक अकादमीचा आणि गुरुग्राम येथील, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीतशास्त्र केंद्राचा ध्वनिसंग्रह या क्षेत्रात परिचित आहे.

आणि एक प्रत कलावंताच्या घरी पोहोचलीच पाहिजे. ज्यांचे गाणे त्यांना ऐकावयास मिळत नाही, त्यांच्या दृष्टीने आपण संग्राहक नसून केवळ घेऊन जाणारे ठरतो.

गावाने करावयाचे काम

सांस्कृतिक वारशाच्या अमूर्त अंगांचे रक्षण करण्याविषयीचा युनेस्कोचा करार २००३ मध्ये झाला आणि भारताने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली. परंतु असा वारसा राजधानीत राखला जात नाही. तो वाडीवस्तीवर राखला जातो. त्यासाठी मोठा निधी किंवा नवे कार्यालय लागत नाही. दोन-चार शाळांनी मिळून एक यंत्र घ्यावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलामुलींना अंतर, उंची आणि पातळी यांचे पाठ प्रत्यक्ष करून द्यावेत. विज्ञानाचा याहून जिवंत धडा मिळणे कठीण. पंचायत सदस्यांनी आपल्या गावात ओव्या, भारूड, गोंधळ, सुंबरान जाणणारी वडीलधारी माणसे कोण आहेत याची यादी करावी आणि वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्यांपासून आरंभ करावा. आजीचा आवाज टिपण्यास परक्या तज्ज्ञापेक्षा तिची नातच अधिक योग्य असते, कारण तिच्यासमोर आजीला संकोच नसतो आणि तिच्या हेतूविषयी शंकाही नसते.

पहाटेची वेळ, घडी केलेले घोंगडे, त्यावर बुटकी तिपाई, आणि जात्याशी बसलेली, यंत्र कोठे आहे हे पक्के ठाऊक असूनही ते विसरून गेलेली एक वृद्ध स्त्री. एवढी मांडणी जमली की उरलेले काम ती करते. आपण फक्त मध्ये बोलू नये.